लाल दिव्याखालचा शब्द

“टेम्पो निघालाय,” पाना उचलत शेडचे फिटर गुंडूमामा म्हणाले. “तवर बोल्ट सैल करून ठेवतो.”

स्वप्नाली यंत्राला टेकून उभी राहिली. दोन माग विकून तिच्या आबांनी कबनूरच्या शेडमध्ये हे गोल फिरून कापड विणणारे जुने कोरियन यंत्र आणले होते. खंडेनवमीला ते पूजेसाठी थांबवले, ते पुन्हा सुरूच झाले नाही. मोटर जळली, असे गुंडूमामांनी सांगून टाकले. आज ते भंगारात जाणार होते, आणि आबा दारात उभे राहून टेम्पोची वाट बघत होते.

दीप्ती आणि पृथ्वीराज ही तिची मावस भावंडेही शेडमध्ये आली होती. पृथ्वीराजच्या काकांनी पुण्याच्या कोरियन कंपनीतून मुळाक्षरांचे पुस्तक आणले होते. दिवाळीच्या सुट्टीत तिघांनी त्यातली अक्षरे घोकून घोकून घर डोक्यावर घेतले होते.

“मामा, मोटरचा दिवा कंचा?” स्वप्नालीने विचारले.

“त्यो काय, लाल. पेटलाय न्हवं.”

“त्याच्याखाली काय लिवलंय?”

“वाचाय मी काय चीनला गेलतो?”

“कोरियन हाय ते,” दीप्ती म्हणाली.

“तेच की. सरका बाजूला.”

स्वप्नाली सरकली नाही. पेटलेल्या दिव्याशेजारी एक विझलेला दिवा होता. त्याच्याखालचा शब्द चौकोनाने सुरू होत होता, मिटलेल्या ओठांसारख्या चौकोनाने. “म,” ती पुटपुटली. पुढे उजवीकडे उघडी पेटी आणि तिच्या पोटात एक रेघ.

“नुसती पेटी म्हणजे त. रेघ आली की थ,” पृथ्वीराज म्हणाला. “मो... थ.”

“मोटर! इंग्रजी शब्दच कोरियन अक्षरात लिवलाय,” दीप्ती म्हणाली. “पण हा दिवा तर विझलाय.”

“मग पेटलेला कशाचा?” पाना खाली ठेवत गुंडूमामांनी विचारले.

पेटलेल्या दिव्याखाली रेघ नसलेली पेटी होती आणि पुढे वर्तुळ.

“तो... अ.” स्वप्नाली अडखळली. “अक्षराच्या आरंभी असलं तर वर्तुळ मुकं असतं. आणि ही पेटी त आणि द यांच्या मधली. दो... अ. डोअर. आबा, दार उघडं हाय म्हणतंय ते! म्हणून यंत्र चालंना!”

यंत्राभोवती जाळीची तीन दारे होती. तिन्ही लावलेलीच दिसत होती. स्वप्नालीने एकेक दाबून पाहिले. मागचे दार बोटभर हलले आणि परत आले. त्याच्या फटीत पूजेच्या हाराचा दोरा अडकला होता. झेंडू केव्हाच सुकला होता. पण देवाचा हार, म्हणून त्याला कुणी हात लावला नव्हता.

“त्यो तोडू नगा,” गुंडूमामा चाचरत म्हणाले.

“तोडत न्हाय. सोडतो,” आबा म्हणाले. त्यांनी चपला काढल्या, गाठ सोडली, हार कपाळाला लावून कोनाड्यात ठेवला आणि दार दाबले. लाल दिवा विझला. बटण दाबताच यंत्र घरघरले आणि सावकाश फिरू लागले.

गुंडूमामांनी टोपी मागे सारली. “पोरांनो, म्हैनाभर मी नुसताच दिवा बघत बसलो. तुमी वाचलासा.”

बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. “रिकामाच जा, पावणं,” आबांनी दारातून सांगितले. मग ते स्वप्नालीशेजारी येऊन उकिडवे बसले. “बाळ, बाकीचे दिवं काय म्हणत्यात? त्या चौकोनापासनं शिकीव मला.”