संमतिपत्रातला एक शब्द

सोमवारची बैठक सुरू होता होता अधिष्ठाता डॉ. शर्मिष्ठा मगदूम यांच्या पदराला लावलेली गंधपट्टी दोनदा थरथरली. त्यांनी सवयीनं खाली पाहिलं. बोटभर पडद्यावर अक्षरं उमटली होती : ‘आल्याचा चहा. ओला कागद.’

“चहा आला वाटतं,” त्या म्हणाल्या. थर्मास अजून दाराबाहेरच होता.

यात कुणाला नवल वाटलं नाही. नऊ वर्षांपूर्वीच्या तापाच्या साथीनंतर कृष्णाकाठच्या गावांमध्ये दर पाच माणसांमागे एकाची वास घेण्याची शक्ती गेली होती. डॉक्टर, आचारी, तान्ह्या मुलांच्या आया, सगळे पट्टी लावूनच वावरत. पट्टी वासाचं नाव सांगे. वास मात्र देऊ शकत नसे.

तो देणारा उपचार याच इमारतीत तयार झाला होता. विद्यापीठाच्या या आरोग्य व विज्ञान महाविद्यालयाचा कारभार तिघांच्या हाती होता. अधिष्ठाता मगदूम, संशोधन विभागाचे उपअधिष्ठाता डॉ. इरफान मुजावर आणि परिचर्या विभागाच्या प्रमुख एस्तेर भोरे. मुजावरांनी सात वर्षं खपून ‘गंधांकुर’ बनवलं होतं. नाकाच्या आत, अगदी वरच्या बाजूला मूलपेशींचा फवारा मारायचा, की तिथून नवे तंतू फुटत आणि मेंदूतल्या गंधकंदापर्यंत पोचत. पहिल्या चौदा जणांना वास येऊ लागला होता. दुसऱ्या टप्प्यासाठी चाळीस जणांची यादी तयार होती.

“अहवाल तुम्ही वाचलाच आहे,” मुजावर म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीसारखा उत्साही नव्हता. “पण एक गोष्ट हुक्केरींच्या तोंडूनच ऐका.”

पहिल्या चौदांपैकी एक, श्रीशैल हुक्केरी, बाहेरच बसले होते. सांगलीच्या बाजारात चाळीस वर्षं त्यांनी हळद पारखली होती. नुसत्या वासावरून माल कुठल्या गावचा ते सांगणारा माणूस. आत येऊन त्यांनी खिशातून एक हळकुंड काढलं, कडकन मोडलं आणि नाकाशी धरलं.

“वास येतोय की मॅडम. झकास येतोय. पंधरा दिवसांत सगळा माल पुन्हा वळखायला शिकलो.”

“मग अडचण कुठं आहे?”

हुक्केरींनी हळकुंडाचे तुकडे तळहातावर घेतले. “लहानपणी आमचे अप्पा मला गोदामात पोत्यावर बसवायचे. नाक गेलं तरी डोळं मिटलं की त्यो वास यायचा. मनात यायचा. आता डोळं मिटलं की गोदाम दिसतंय, अप्पा दिसत्यात. वास न्हाई. आन् ही हळद हुंगली तरी अप्पा येत न्हाईत. हळद म्हणून वास येतोय, आमची म्हणून येत न्हाई.”

ते गेल्यावर मुजावरांनी समजावून सांगितलं. नवे तंतू जुन्या वाटेनं जात नाहीत, आपली वाट आपण काढतात. मेंदू जुन्या वासांची जागा नव्यांना देऊन टाकतो. चौदापैकी अकरा जणांनी हेच सांगितलं होतं.

एस्तेर भोरे यांनी संमतिपत्र पुढे ओढलं. “‘या उपचाराने आपली गंधसंवेदना परत येईल.’ यातला ‘परत’ हा शब्द खोटा आहे, डॉक्टर.”

“भोरेबाई, गेल्या महिन्यात एका बाईच्या पट्टीतली बॅटरी संपली. घरात गॅस पसरलेला तिला कळला नाही. ती बाई अजून आपल्या जळीत विभागात आहे. आठवणींसाठी मी चाळीस माणसांना थांबवू?”

“थांबवा असं मी कुठं म्हणते? सांगा एवढंच म्हणते. काय मिळणार तेही सांगा आणि काय जाणार तेही.” मग त्या मगदूमांकडे वळल्या. “आणि मॅडम, राग मानू नका. यादीत तुमचंही नाव आहे. या निर्णयाच्या वेळी तुम्ही इथं असू नये.”

शर्मिष्ठाबाई उठल्या. “बरोबर आहे तुमचं,” असं म्हणून त्या व्हरांड्यात जाऊन उभ्या राहिल्या.

त्यांचे पती अच्युत वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. फिरायला गेले की ते कुठलंसं पान चुरगाळायचे, मूठ शर्मिष्ठाच्या नाकाशी धरायचे आणि म्हणायचे, “ओळख.” निर्गुडी, तुळस, पानओवा. ती चुकली की त्यांना फार आनंद व्हायचा. साथीत तिचा वास गेला तेव्हा त्यांनी तो खेळ एका शब्दानंही न बोलता बंद केला. पुढची पाच वर्षं ती त्यांच्या शेजारी झोपली, त्यांच्या आजारपणात त्यांचं अंग पुसलं, आणि त्या सगळ्यात त्यांचा वास तिला एकदाही आला नाही. चार वर्षांपूर्वी ते गेले. त्यांच्या मानेपाशी एक वास असायचा, त्याला नाव नव्हतं. रोज पहाटे चहा उकळेपर्यंत डोळे मिटून ती तो आठवायची. कधी यायचा, कधी निसटायचा.

आणि कालच ऋजुताचा, मुलीचा, नाशिकहून फोन आला होता. “आई, हिच्या टाळूला काय गोड वास येतो म्हणून सांगू!” एवढं बोलून ऋजुता एकदम थांबली होती. ते थांबणंच शर्मिष्ठाबाईंना जास्त लागलं होतं. नात दोन महिन्यांची झाली होती.

अर्ध्या तासानं मुजावरांनी त्यांना आत बोलावलं. चाचणी चालू राहणार होती. ‘परत’ हा शब्द खोडला होता. त्या जागी भोरेबाईंच्या हातची दोन वाक्यं होती : ‘आपल्याला वास येऊ लागेल, पण तो पूर्वीचाच वाटेल असे नाही. जुन्या वासांची आठवण कायमची पुसली जाऊ शकते.’ हे मान्य असलं तरच सही. दोन्ही वाक्यं नैतिकता समितीकडे मंजुरीसाठी जायची होती.

मंजुरी आली. नवं पत्र वाचून चाळीसपैकी चार जण मागे फिरले.

“तुमचा क्रमांक एकतिसावा,” मुजावर म्हणाले. “तुमचं काय, मॅडम?”

त्यांनी आठ दिवस मागून घेतले. नवव्या दिवशी त्या भोरेबाईंच्या टेबलाशी येऊन बसल्या.

“एस्तेर, खरं सांगू? मी रोज आठवते तो वास त्यांचाच आहे की मी माझ्या मनानं रचलेला, हे मला आता कळत नाही. दर वेळी थोडा बदलतो. तो धरून ठेवण्यासाठी मी नातीला दूर ठेवू?”

“ते मी कसं सांगू, मॅडम?”

“सांगू नका. नुसत्या बसा.”

भोरेबाई बसून राहिल्या. शर्मिष्ठाबाईंनी पत्र दोनदा वाचलं आणि सही केली.

फवारा मारल्यानंतर अकराव्या आठवड्यात, सकाळी व्हरांड्यातून जाताना, त्यांना फिनेलचा वास आला. उग्र, घाणेरडा. त्या भिंतीला टेकून रडल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे चहा उकळत असताना त्यांनी डोळे मिटले. अच्युत दिसले, त्यांचा चष्मा दिसला, पुढे केलेली मूठ दिसली. मुठीत काहीच नव्हतं.

मे महिन्यात ऋजुता बाळाला घेऊन आली. शर्मिष्ठाबाईंनी नातीला छातीशी धरलं आणि तिच्या टाळूवर नाक टेकवलं. कोमट, दुधाळ, थोडा घामाचा, थोडा कशासारखाच नसलेला वास. तो कुठल्याही आठवणीशी जोडलेला नव्हता, आणि जोडलेला असायची गरजही नव्हती. बाळ कुरकुरू लागेपर्यंत त्यांनी मान वर केली नाही.

दुपारी बाळ झोपल्यावर ऋजुतानं बॅगेतून घट्ट बंद केलेली प्लास्टिकची पिशवी काढली. आत करड्या रंगाचा मफलर होता.

“बाबांचा. ते गेले त्याच दिवशी मी उचलून ठेवला होता. तुला वास येऊ लागला की द्यायचा म्हणून. एकदाही उघडली नाही पिशवी.”

शर्मिष्ठाबाईंनी मफलर नाकाशी नेला. लोकर. खोबरेल. आणि त्याखाली एक माणूस. त्यांनी पुन्हा पुन्हा श्वास ओढला. माणूस होता, चांगला होता, पण अनोळखी होता.

त्यांनी मफलर मुलीपुढे धरला. ऋजुतानं एकच श्वास घेतला आणि तिचा चेहरा पिळवटून गेला. “बाबा,” ती म्हणाली. “आई, अगदी बाबा.”

शर्मिष्ठाबाईंनी मफलर घाईनं पिशवीत घातला, हवा दाबून काढली, पिशवी बंद केली आणि मुजावरांना फोन लावला.

“इरफान, नवा वास मनात पक्का बसायला तो किती वेळा घ्यावा लागतो?”

“साधारण पंचवीस-तीस वेळा. रोज एकदा, शक्यतो तो वास ओळखणाऱ्या माणसासोबत. का हो?”

“आणि जुन्या लोकरीत माणसाचा वास किती टिकतो? पिशवी रोज उघडली तर?”

“दर वेळी थोडा कमी होणार, मॅडम,” मुजावर म्हणाले.

ऋजुता महिनाभर राहणार होती. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी पलंगावर समोरासमोर बसल्या, मध्ये बाळ. शर्मिष्ठाबाईंनी पिशवीचं तोंड चिमूटभर उघडलं. तिसाव्या दिवसापर्यंत अच्युत त्यात पुरतील का?