भेग दिसेनाशी झाली

या मंडळी, जरा पुढे सरका. मुखी नाम असू द्या, कान मात्र इकडे द्या. समुद्राखालच्या एका काचेची कथा सांगतो.

मालवणजवळ समुद्रतळावरच्या एका संशोधनकेंद्रात दर्शनकक्षाची भिंत जलसम काचेची होती. डॉ. यशोधरा पारुळेकरने ती घडवली होती. एका पदार्थातून दुसऱ्यात शिरताना प्रकाश वाकतो, थोडा माघारी फिरतो, म्हणून पाण्यातली काच आपल्याला दिसते. यशोधराने काचेचा वक्रीभवनांक पाण्याइतकाच ठेवला. काच असून नसल्यासारखी झाली.

त्या सकाळी काचेच्या पोटात एक भेग चांदीच्या तारेसारखी चमकली. यशोधराने सुईने तीत सांधरस सोडला. दुपारी भेग नाहीशी झाली.

केंद्राची दारं सांभाळणारे जुने पाणबुडे बाबल केरकर खूश झाले. "बाय, तुझ्या रसान काम केल्यान. दर्याक नारळ देऊक व्हयो."

यशोधरा हसली आणि हसता हसताच थबकली.

"बाबलदादा, रसाचा वक्रीभवनांक काचेपेक्षा जास्त आहे. भेग सांधली असती तर पुसट रेघ उरली असती."

"म्हणजे रेघ दिसली तर बरा?"

"चमकत होती तोवर आत पोकळी होती. आता काहीच दिसत नाही. काचेत मिसळून जाईल असं तिथे एकच भरू शकतं."

बाबलदादांनी बाहेरच्या निळ्या अंधाराकडे पाहिलं. "पाणी."

"भेग बाहेरपर्यंत पोचलीय, पाण्याने रस ढकलून दिलाय. आत कुठवर आलीय, ते डोळ्यांना कधीच कळणार नाही."

ते काचेवरून तळवा फिरवू लागले. खांद्याच्या उंचीवर हात थांबला. त्यांनी बोट जिभेला लावलं.

"खारट."

आतल्या दालनांत सहाजण काम करत होते. संकटात सगळ्यांनी दर्शनकक्षातच आसरा घ्यायचा, असं ठरवून तो बांधलेला. म्हणून दाराचा अडसर फक्त कक्षाच्या आतून लागे; काच फुटली तर पाणी अडवायला कुणीतरी आतच राहायला हवं होतं.

"तुम्ही जा," यशोधरा म्हणाली. "काच माझी आहे."

"काच तुझी, दार माझा. उगाच वाद घालू नको."

त्यांनी तिला उंबऱ्याबाहेर लोटलं. अडसर सरकला. पलीकडून अभंगाची एक ओळ ऐकू आली, मग एकच कडकडाट. दार थरथरलं, पण हललं नाही. सातहीजण वर सुखरूप आले.

मंडळी, आज सांजवात लावाल तेव्हा देवापुढे बाबल केरकरांचं नाव एकदा घ्या.