न आलेला निरोप

माझं उजवं मनगट कामातून गेलं, याबद्दल मी आजही मनापासून कृतज्ञ आहे.

दिवसभर कीबोर्ड बडवल्याचं ते फळ. ताईने मला अक्षरशः ओढत फिजिओथेरपिस्टकडे नेलं. त्याने मनगट हलकेच वळवून पाहिलं... आणि म्हणाला, "सहा आठवडे टायपिंग बंद."

"अहो डॉक्टर, मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे! कोड लिहूनच पोट भरते."

"मग न लिहिता करून बघा. माझ्यासारखं."

त्याने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. पेशंटना भेटीच्या वेळेची आठवण मोबाइलवर आपोआप जावी म्हणून त्याने कोडची एकही ओळ न लिहिता, एकेका सूचनेचे चौकोन माउसने ओढून बाणांनी जोडले होते. असल्या साधनांना मी एरवी नाक मुरडायची. पण त्याचे चौकोन इतके वेडेवाकडे होते, की मला राहवेना.

"एकेका पेशंटला तीन-तीन आठवणी जातायत!"

"म्हणून तर सगळे वेळेवर येतात," तो डोळे मिचकावत म्हणाला.

मग दर भेटीत आधी व्यायाम, नंतर डाव्या हाताने त्याचे चौकोन सरळ करणं. ऑफिसातली कामंही मी तशीच उरकू लागले आणि नोकरी वाचली. त्याच्या त्या जोडणीत एक भर मीच घालून दिली — उपचार संपले की दुसऱ्या दिवशी पेशंटला निरोप जाईल: 'आता येण्याची गरज नाही. काळजी घ्या.' तो एक दिवस मलाही येणार, हे डोक्यातच आलं नाही.

सहा आठवड्यांनी त्याने हात तपासला. "बरा झालाय," म्हणाला — आणि सोडायला विसरला.

दुसऱ्या दिवशी मी धास्तावून फोन बघत बसले. निरोप नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी तडक दवाखाना गाठला.

"तुमची जोडणी बिघडलीय. मला निरोप आला नाही."

तो कानापर्यंत लाल झाला. "बिघडली नाही... मीच एक चौकोन घातलाय."

शेवटच्या बाणाआधी तो होता, जरा तिरपाच: 'पेशंट इंजिनिअर बाई असतील, तर पाठवू नकोस.'

"का?" मी विचारलं.

"कारण तो निरोप खोटा ठरला असता. तुम्ही यायची गरज आहे... मला."

इतकी वर्षं मी अटी लिहिल्या, पण माझ्यासाठी अशी अट कुणी घातली नव्हती. मी माउस घेतला — उजव्या हातात, जराही न दुखता — आणि तो चौकोन नीट सरळ केला.

"हा राहू दे," मी म्हणाले. "मलाही तुम्ही आवडता. उद्या किती वाजता येऊ?"

"सहाला. आठवण पाठवू?"

"तीन पाठवा."