नळातला जीव

सकाळचा पाण्याच्या जारचा टेम्पो टेकडीचा चढ चढू लागला, तेव्हा फरीदा मुजावर रस्त्याच्या कडेला उकिडवी बसून नळ ऐकत होती. पोलादी काठीचं एक टोक पिण्याच्या पाण्याच्या नळीवर, दुसरं कानाशी. आंबेखिंड नगरपालिकेच्या पाणीपुरवठा विभागात ती अभियंता होती. पूर्वी अशा काठीनं गळती शोधत. फरीदा नाडी बघत होती.

खाली पेठेत ठोका स्पष्ट होता, कुणी सावकाश घोट गिळावा तसा. टेकडीच्या मध्यावर तो क्षीण झाला. सर्वांत वर, सगुणा जंगम यांच्या दाराशी, काठीतून काहीच ऐकू येईना.

आंबेखिंडीत आता घरोघरी दोन नळ होते, एक वापराचा आणि एक पिण्याचा. पिण्याच्या नळीला आतून सजीव अस्तर होतं. बुरशीचे तंतू आणि निरुपद्रवी जिवाणू एकत्र वाढवून ते प्रयोगशाळेत तयार केलेलं. पाण्यातली घाण हेच त्याचं अन्न. नळीला चीर पडली, तर तिथे दाट वाढून ते ती बुजवत असे. त्यानं एवढंच करावं अशी अपेक्षा होती.

पण काही महिन्यांनी पंपावरचा भार आपोआप कमी होऊ लागला. मीटर बिघडला असेल म्हणून तो बदलला, तरी तेच. शेवटी फरीदानं नळीचा एक तुकडा काचेचा बसवून घेतला आणि आत डोकावली. अस्तर आकुंचन पावत होतं. अन्ननलिका घास पुढे सरकवते, तसं ते पाणी पुढे सरकवत होतं. कुठे तोटी उघडली की नळीतल्या दाबाला बारीकसा हिसका बसतो. तो हिसका ओळखून अस्तर त्या घराकडे पाणी लोटत होतं. हे त्याला कुणीही शिकवलेलं नव्हतं.

टेकडीवर मात्र पिण्याची तोटी कुणी उघडतच नसे. नळाला पाणी चढत नाही, चढलं तरी प्यायच्या लायकीचं नसतं, हे तिथे पिढीजात ठरून गेलेलं. सगळे जारवर. वापराविना वरचं अस्तर वाळत चाललं होतं. फरीदानं तिथे आपोआप उघडझाप करणारी झडप बसवून पाहिली. अस्तरानं चार दिवस तिला दाद दिली, मग दुर्लक्ष केलं. जणू यंत्राची ठरावीक चाल त्यानं ओळखली होती. माणूस कधी अर्धाच पेला भरतो, कधी तोटी सोडून गप्पा मारत बसतो. अस्तराला तसले हिसके हवे होते.

मेलेलं अस्तर कुजतं आणि कूज हळूहळू खाली उतरते. ती पेठेपर्यंत पोचली, तर जालीम औषध सोडून गावभरचं अस्तर मारण्यावाचून उपाय राहणार नव्हता.

फरीदानं दार वाजवलं. सगुणाबाईंनी उघडलं. पन्नाशीच्या, काटक, हात पिठानं माखलेले.

"मावशी, दिवसातून दोनदा तरी पिण्याचा नळ सोडाल का? प्यायलं नाही तरी चालेल. झाडांना घाला."

"झाडांना तरी का घालू?" सगुणाबाई शांतपणे म्हणाल्या. "माझी लेक शेवंता ह्या नळाच्या पाण्यानं गेली, मॅडम. काविळीची साथ आली तेव्हा. नळी गटारातनं गेलेली, फुटलेली. तेव्हाही एक साहेब आलेले. पाणी चांगलं आहे म्हणाले."

फरीदाला त्या साथीची माहिती होती. तिच्या विभागात नव्या माणसाला ती सांगितलीच जाई.

"तुम्ही प्या म्हणायला मी आले नाही," ती म्हणाली. "एकदा येऊन बघा फक्त. काय आहे ते डोळ्यांनी बघा."

सगुणाबाई आल्या. चढाच्या मध्यावर, झाकणाखालच्या हौदात, तो काचेचा तुकडा होता. फरीदानं बॅटरी मारली. आत निळसर, मखमली असं काहीतरी पाण्याला कवटाळून बसलं होतं. ते आवळलं, सैल झालं, पुन्हा आवळलं. खालच्या आळीत कुणीतरी तोटी उघडली असावी, कारण सगळी मखमल एकदम त्या बाजूला लवली, वाऱ्यावर जोंधळ्याचं रान लवावं तशी. वरच्या बाजूला मात्र ते तपकिरी, सुकलेलं होतं. "वर कुणी नळ सोडत नाही, म्हणून वाळतंय," फरीदा म्हणाली.

"जित्तं आहे हे," सगुणाबाई पुटपुटल्या. बराच वेळ त्या वाकून बघत राहिल्या. मग पदर सावरून घरी गेल्या. तोटी त्यांनी उघडली नाही.

त्यानंतरच्या आठवड्यात, भर उन्हाळ्यात, गावाचं मुख्य रोहित्र जळालं. पंप बंद पडला. टेकडीखालचा जारचा कारखानाही विजेवरच चालणारा, तोही थांबला. पेठेला उताराचं पाणी मिळत होतं. टेकडी मात्र कोरडी पडली. अरुंद चढावर टँकर वळेना. दुपारपर्यंत घरातले जार संपले आणि लोक कळश्या घेऊन रस्त्यावर उतरले.

फरीदा तिथे पोचली तेव्हा जारच्या कारखान्याचे मालक प्रभंजन कोष्टी आपल्या घराच्या दारात उभे होते. तेही टेकडीवरच राहत.

"पंपाशिवाय पाणी चढवायचा एकच मार्ग आहे, कोष्टीसाहेब," फरीदा म्हणाली. "खालून वर, एकेका घरानं पिण्याची तोटी सोडायची. नळीतल्या अस्तराला कळलं पाहिजे की वर माणसं आहेत."

"म्हणजे जार विकणाऱ्यानंच नळ सोडायचा?" कोष्टी कसनुसं हसले. मग आत वळून ओरडले, "अगं, बाकीचं राहू दे, आईला प्यायला पाणी नाही. तो नळ सोड!"

पहिल्या घरची तोटी नुसतीच सुसकारली. दुसऱ्या घरीही तेच. फरीदा काठी कानाशी धरून वाकली. खालून एक ठोका आला. थांबला. पुन्हा आला, जवळ. मग रस्त्याखाली कुठेतरी मोठं जनावर कूस बदलतंय असा आवाज झाला आणि पहिल्या घरातून बाईची हाक ऐकू आली, "आलं! अहो, आलं!"

त्यानंतर कुणाला सांगावं लागलं नाही. पाणी एक घर चढे, थबके, वरच्या घरची तोटी उघडली की पुढे निघे. झाड मुळापासून शेंड्याकडे पाणी नेतं, पण ते चढताना कुणी पाहिलेलं नसतं. टेकडीवरची माणसं ते पाहत होती. कळश्या खाली ठेवून सगळी नळीच्या कडेकडेनं चालू लागली. कोष्टी गुडघे टेकून रस्त्याला कान लावून बसले होते.

सगुणाबाईंच्या अंगणाशी ठोका थांबला. त्यांच्या शेजारी एक अंध म्हातारी आणि बाळंतीण राहत होत्या. त्यांची नळी सगुणाबाईंच्या नळीतूनच पुढे जाई. इथली तोटी उघडल्याशिवाय पाणी तिकडे वळणार नव्हतं.

फरीदा दारात उभी राहिली.

सगुणाबाईंनी तोटीवर हात ठेवला. मग त्यांनी ती फिरवली.

आधी तपकिरी, कुजका वास असलेलं पाणी आलं. सगुणाबाई झटक्यात मागे सरकल्या. "थांबा," फरीदा म्हणाली, "ते मेलेलं आहे, धुऊन निघतंय." ते वाहू दिलं. हळूहळू धार स्वच्छ झाली. फरीदानं तपासणीची पट्टी बुडवली, रंग उजेडात नीट पाहिला, पेला भरला आणि आधी स्वतः अर्धा प्यायली. शेजारच्या घरातून बाळंतिणीची हाक आली, पाणी आल्याची.

सगुणाबाईंनी पेला फरीदाच्या हातून घेतला. त्या प्यायल्या नाहीत. तोटी बंद केली. आणि तेव्हाच, नळ बंद असताना, भिंतीतली नळी हलकेच थरथरली. एकदा. थोडं थांबून पुन्हा एकदा.

फरीदानं घाईनं खाली फोन लावला. पंप बंदच होता. त्या क्षणी दाबमापकावर गावातल्या कुठल्याच तोटीचा हिसका उमटलेला नव्हता. तो अस्तराचा स्वतःचा होता, बंद तोटीशी येऊन थांबलेला. असं यापूर्वी कधी घडलं नव्हतं.

सगुणाबाईंनी भिंतीला तळवा टेकवला. मग पेला ओठांशी नेला, एक घोट घेतला, डोळे मिटून गिळला.

"पोरी," त्या म्हणाल्या, "तू म्हणतेस हे वाळत होतं. म्हणजे याला तहान लागते."

"हो, मावशी."

"कशाची गं? पाण्यात तर हे बुडालेलंच आहे. मग याला तहान लागते ती कुणाची?"