एकवीस ठोके

आमच्या कॉलेजच्या मुलींचा फुटबॉल संघ परदेशात खेळायला गेला, तेव्हा त्यांची फिजिओ म्हणून मीही बरोबर होते. त्या दिवसाचं वेळापत्रक प्रशिक्षक सरांनी आदल्या संध्याकाळीच सांगून ठेवलं होतं. सकाळी गाव पाहायचं, अकराला मैदान पाहून घ्यायचं आणि तीनला सामना.

मी नेहमीप्रमाणे पाचला उठले, आंघोळ केली आणि खिडकीच्या कट्ट्यावर दिवा लावला. बॅटरीचा दिवा. पहिल्या मुक्कामी मी खरी वात लावली, तर छतातला भोंगा वाजला आणि अख्खं हॉटेल झोपेच्या कपड्यांत रस्त्यावर उभं राहिलं. दुसऱ्याच दिवशी मुलींनी हा दिवा आणून दिला आणि वर सांगितलं, की ताई, हा देवालाही चालतो आणि मॅनेजरलाही.

जप पुरा होईपर्यंत मी पाण्याचा घोटही घेत नाही, हे मुलींना ठाऊक आहे. म्हणून दारावर टकटक झाली ती मी माळ ठेवल्यावरच. भिंगरी होती.

भिंगरी म्हणजे आमची गोल करणारी मुलगी. चेंडू पायात घेऊन ती जागच्या जागी अशी फिरते, की हे नाव तिला पहिल्याच वर्षी चिकटलं. परवा सरावात तिचा डावा घोटा मुरगळला होता. तो घोटा माझ्या चांगला ओळखीचा. लहानपणी सायकलच्या चेनमध्ये सापडून आतल्या बाजूला सात टाके पडलेले. त्यांचा व्रण मला अंधारातही बोटांनी वाचता येईल. गेल्या वर्षी याच घोट्यापायी ती निवडीच्या दिवशी बाकावर बसून राहिली होती. आज इथल्या एका विद्यापीठाच्या बाई तिला पाहायला येणार होत्या. त्यांना ती आवडली तर पुढचं शिक्षण आणि खेळ दोन्ही इथेच होणार होतं. कॉलेजचं तिचं हे शेवटचं वर्ष. आणि सरांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं की तिला उतरवायचं की नाही, ते ताई ठरवतील.

ती पलंगाच्या कडेवर बसली आणि पाय माझ्या मांडीवर ठेवला.

"ताई, आजच्या दिवसापुरता मला हा पाय द्या. उद्या हवं तर घेऊन टाका."

"असं अभद्र बोलू नये," मी म्हटलं. "बर्फ लाव. दुपारी बघू."

गाव छोटं आणि नीटनेटकं होतं. नदीवरचा दगडी पूल, चौकातलं उंच घड्याळ, धोबीकामाच्या दुकानातून फुटपाथवर येणारी गरम वाफ. मुलींनी प्रत्येक कोपऱ्यावर फोटो काढले. घड्याळाच्या मनोऱ्याच्या पायऱ्या भिंगरीने चढू नयेत म्हणून आमच्या गोलकीपरने तिला पाठुंगळी घेतलं. या गोलकीपरला सगळे भिंत म्हणतात. दुपारी गोल खाल्ला तर दोष भिंगरीच्या वजनाचा, माझा नाही, असं ती प्रत्येक वळणावर ऐकवत होती. वर वारा होता. तिथून मैदान दिसलं, हिरवंगार, आणि मला वाटलं, आज सगळं छान होणार.

मैदानाची राखण एक म्हातारा करत होता. बोटांना रंग लागलेला, नुकतेच पांढरे पट्टे आखून आला असावा. बैठकांच्या खाली एक लांबट खोली होती, ती त्याने किल्लीने उघडून दाखवली. लाकडाच्या पॉलिशचा आणि जुन्या चामड्याचा वास. चषक, सुरकुतलेले चेंडू, पिवळे पडलेले संघांचे फोटो. मुली भराभर पुढे गेल्या. मी शेवटच्या कपाटाशी थांबले.

काचेआड घोट्याची पट्टी उभी होती.

खेळाडूच्या घोट्याला आम्ही चिकटपट्टीचे वेढे देतो, तशीच. कापड मधासारखं पिवळं पडलेलं, कडा ठिसूळ झालेल्या. पन्नास-साठ वर्षं तरी झाली असतील. शेवटचं टोक आत दुमडलेलं होतं.

ही दुमड माझी आहे. सोडताना नखं लागू नयेत म्हणून मी टोक तसं दुमडते. मला ती कुणी शिकवलेली नाही आणि दुसऱ्या कुणाच्या कामात मी ती पाहिलेली नाही. दुमडीवर मी निळ्या पेनाने बारीक श्री लिहिते. वीस वर्षांत एकही पट्टी श्रीवाचून पुरी केलेली नाही.

मी चष्मा पुसला आणि वाकले. शाई पार विटली होती. पण श्री होतं, आणि माझ्याच वळणाचं, वेलांटीची शेपटी जरा जास्त खाली ओढलेली.

मग दुसरी गोष्ट लक्षात आली. पट्टी कापलेली नव्हती. टाच घोट्याच्या वरच्या भागापेक्षा रुंद असते. इतके वेढे दिल्यावर कात्री लावल्याशिवाय पाय बाहेर निघतच नाही. ही मात्र अखंड होती. आत पाय नाही, एवढंच.

तिच्या शेजारी, तेवढ्याच आकाराची जागा पुसून स्वच्छ ठेवलेली होती. बाकी फळीवर धूळ होती.

म्हातारा मागे येऊन काहीतरी म्हणाला. एकच छोटं वाक्य, दोनदा. सरांनी निघण्यापूर्वी तिथली भाषा सहा महिने शिकून घेतली होती. तिच्या जोरावर त्यांनी आत्तापर्यंत आम्हाला दोनदा चुकीच्या बसमध्ये बसवलं होतं.

"म्हणतोय, पाय ठेवून गेली, न्यायला आली नाही," सर हसले. "पट्टी म्हणायचं असेल त्याला. यांच्यात दोन्ही शब्द जवळजवळ सारखेच आहेत."

म्हातारा हसला नाही. तो भिंगरीच्या पायाकडे बघत होता.

दुपारी कपडे बदलायच्या खोलीत मी घोटा तपासला. सूज होती, पण हाडावर दाबल्यावर दुखत नव्हतं. एका पायावर तोल सांभाळता आला, चार उड्याही मारता आल्या. माझ्या कामाच्या हिशेबाने ती खेळू शकत होती, आणि कपाटातल्या एका जुन्या चिंधीपायी मी तिचा दुसरा चान्स घालवणार नव्हते. तसं मी तिला सांगितलं, अर्थात चिंधीचा भाग गाळून. तिने माझा हात इतका घट्ट दाबला, की बांगडी रुतली.

स्पंजचा पातळ थर, मग पट्टी. टाचेखालून, घोट्यामागून, पुन्हा वर. टोक दुमडलं. पेन हातात घेतलं आणि थांबले.

फार वेळ नाही. भीतीपोटी आज श्री गाळलं, तर उद्यापासून मी दिवा कुणापुढे लावणार? मी लिहिलं.

मग शेवटचं काम. पट्टी घट्ट झाली नाही ना, हे पाहायला मी पट्टीच्या वरच्या कडेतून दोन बोटं आत सरकवून घोट्याच्या आतल्या हाडामागे नाडी बघते. एकवीस ठोके, प्रत्येक ठोक्याला एक नाम. भिंगरीची नाडी जोरकस होती, जरा घाईत.

"लागली का, ताई?"

"लागली. जा."

ती अप्रतिम खेळली. मी तिला तीन वर्षं पाहते आहे. असं कधी पाहिलं नव्हतं. विद्यापीठाच्या बाई पहिल्या रांगेत बसून लिहीत होत्या, मग त्यांनी लिहिणं सोडलं आणि नुसत्या बघत राहिल्या. एक-एक अशी बरोबरी होती. शेवटच्या पाच मिनिटांत भिंगरीने चेंडू घेतला, दोघींना फिरवलं आणि डाव्या पायाने मारला.

गोल झाला. मी सीमारेषेवर उभी होते, हाकेच्या अंतरावर. लाथ बसल्याचा आवाज आला नाही.

बाकी सगळ्यांनी इतका गलका केला, की ते बहुधा माझ्याच लक्षात आलं असेल. बाईंनी तिथेच सरांचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. भिंतीने भिंगरीला पुन्हा पाठीवर घेतलं. आता वजन कमी झालंय गं हिचं, असं ती म्हणाली.

मी कात्री घेऊन आत गेले, तेव्हा इतर मुली आवरून बसकडे निघाल्या होत्या. भिंगरी बाकावर बसली होती, अनवाणी. तिच्या शेजारी पट्टी उभी होती.

अखंड.

"कशी काढलीस?"

"मी कुठे? तुम्हीच काढलीत ना आत्ता?" ती म्हणाली. "मी डोळे मिटून बसले होते. किती हलका हात तुमचा, ताई, कळलंसुद्धा नाही."

मी खाली बसले आणि तिचा डावा पाय मांडीवर घेतला. सूज उतरली होती. कातडी गुळगुळीत आणि गार होती. मी आतल्या बाजूला अंगठा फिरवला, मग पुन्हा फिरवला. टाक्यांचा व्रण नव्हता.

हाडामागे दोन बोटं ठेवली.

"लागली का?"

मी जागा बदलून पाहिली. मग पुन्हा पहिल्या जागी.

"चप्पल घाल," मी म्हटलं. "बसमध्ये बस. मी आलेच."

ती गेली. दाराशी तो म्हातारा उभा होता, कपाटाची किल्ली हातात घेऊन. त्याने बाकाकडे बोट दाखवलं आणि तेच सकाळचं वाक्य म्हटलं, पहिला अर्धाच भाग. मला भाषा येत नाही. पण तेवढं आता कळलं.

मी पट्टी उचलली. ती कोमट होती. सवयीने माझी दोन बोटं आत गेली, आतल्या हाडाच्या मागे, जिथे हाड नव्हतं.

मी नाम सुरू केलं. पहिलं, दुसरं, तिसरं. प्रत्येक नामाला एक ठोका येत होता. एकवीस पुरे झाले.

बाहेर कुणीतरी भिंगरीला हाक मारली. फरशीवरून ती बसच्या दिशेने पळत सुटली.

माझ्या बोटांखालचे ठोके भरभर पडू लागले.