शेवटच्या बाईचा हात

आमची ओळख अंधारात झाली, आणि अंधार तिनंच केला होता. पुलाखालच्या भिंतीपाशी दिवसाही दिवा लावावा लागायचा. मी परांचीवर बसून फरशीचे रंगीत तुकडे लावत होते, तेवढ्यात खालून फट्‌ आवाज आला आणि माझा दिवा गेला.

"अहो, कोण आहे तिकडे?"

"वायरमन!"

वाकून पाहिलं, तर... बाई. हातात टेस्टर, कानात लांब डूल, आणि चेहऱ्यावर केल्याची जराही लाज नाही.

"दिवे लावायला आलात की घालवायला?"

"सकाळपासून हाका मारतेय. दिवा घालवल्याशिवाय तुम्ही खाली बघणार कुठे?"

मी चिडायला हवं होतं. मी हसले. तिथेच फसले.

समलिंगी आणि ट्रान्सजेंडर लोकांचा समान हक्कांसाठीचा पहिला मोर्चा याच पुलाखाली अडवला होता. लोक पांगले नाहीत, हातात हात घालून उभे राहिले. तीच रांग मी भिंतीवर करत होते.

"मी होते त्यात," ती एकदा सहज म्हणाली. "घरी तेव्हा मला मुलगा म्हणायचे. डूल घालून रस्त्यावर आले ती पहिल्यांदा इथेच."

"भीती नाही वाटली?"

"वाटली ना! पण शेजारणीनं हात घट्ट धरलेला, पळणार कशी?"

मग वायर तपासायच्या निमित्तानं ती रोज यायला लागली. इतकी तपासलेली वायर जगात दुसरी नसेल. 'अहो'चं 'अगं' कधी झालं, कळलंही नाही. एका दुपारी, परांचीला लावलेल्या पडद्याआड, मी हळूच तिचा हात धरला.

तिनं तो अलगद सोडवून घेतला. "पडद्याआड नको गं. लपूनछपून पुष्कळ जगून झालंय माझं. धरायचा तर उघड्यावर धर."

"पण आई..."

"माहितेय. मी कुठे घाई करतेय?" म्हणाली, आणि उगाचच एक बल्ब काढून परत लावला. मला रात्रभर झोप नाही.

आमच्या कामात तुकडे कागदावर पालथे चिकटवतात, कागद भिंतीवर थापतात आणि मग ओला करून सोलतात. म्हणून चित्र आधी आरशात दिसतं तसं उलटवून घ्यावं लागतं. हे मी झोपेतही विसरत नाही. रांगेतल्या शेवटच्या बाईच्या वेळी मात्र विसरले, कारण समोर बसून ही चहा पीत होती आणि तिचे डूल हलत होते.

कागद सोलला आणि चूक दिसली. बाईचा जो हात शेजारणीच्या हातात जायचा, तो निघाला होता भलतीकडेच, रस्त्याच्या बाजूला!

"फोडून काढते," मी छिन्नी उचलली.

"थांब." तिनं त्या हातावर आपला तळवा ठेवून पाहिला. "राहू दे ना. येणाऱ्या-जाणाऱ्याला धरायला एक हात मोकळा नको का?"

राहू दिला.

उद्घाटनाला आई आली. तिचा जन्म शिवणकामात गेलेला, उलट-सुलट तिच्या नजरेतून सुटत नाही. लोक त्या हातावर हात ठेवून फोटो काढत होते. आई तेवढी चष्मा पुसून बघत राहिली.

"ही शेवटची उलटी लागलीये."

"हो."

"बाही उलटी लावावी तशी. लक्ष कुठे होतं तुझं?"

वायरमनबाई दोन पावलांवर उभी होती, नवी साडी नेसून, दिव्यांकडे बघत असल्याचं सोंग करत. काहीही सांगता आलं असतं. घाई होती, ऊन होतं, डोकं दुखत होतं.

"हिच्याकडे होतं, आई," मी म्हटलं, आणि सगळ्यांदेखत तिचा हात धरला.

आईनं आधी आमच्या हातांकडे पाहिलं, मग तिच्याकडे, मग माझ्याकडे. मग पुढे होऊन आईनं तिच्या बोटांना हात लावला.

"गार पडलेत गं हिचे हात," आई मला म्हणाली. "धरलायस तर नीट धर."