व्हरांड्यातला पाळणा

बद्रीनाथ जमादाराच्या घरी फोन वाजला म्हणजे तो एकतर चुकून लागलेला असायचा, नाहीतर कर्ज हवंय का विचारणाऱ्या पोरीचा. पोलिसातून निवृत्त झाला आणि बायको सारजाबाई गेली, तेव्हापासून मुकुंदवाडीतल्या त्या दोन खोल्यांत बोलायला टीव्ही तेवढा उरला होता, आणि टीव्हीला उलट बोलून काय मिळणार? म्हणून दुपारी फोन वाजला तसा तो हातातला घास ताटात ठेवून उठला.

"जमादार, काकासाहेबांच्या बंगल्यावर या." बाईचा आवाज होता, दबका. "पाळणा चोरीला गेलाय. संध्याकाळी केरबाला पोलिसात देणार हाईत. त्यानं नाय नेला."

"कोण बोलतंय?"

फोन बंद झाला.

खरं सांगायचं तर पाळण्याचं त्याला काही पडलं नव्हतं. कुणीतरी बोलावलं, एवढंच त्याला पुष्कळ होतं. हात धुऊन त्यानं चप्पल घातली.

काकासाहेबांचा बंगला बीड बायपासला. माणूस मूळचा गंगापूरचा, उसावर वर आलेला. आता वेरूळ-अजिंठा बघायला येणाऱ्या पाहुण्यांना खोल्या देत होता. नाद एकच, जुन्या वस्तूंचा. जात्याचं टीपॉय, घंगाळात कमळं, कंदिलात बल्ब, चरव्यांचे दिवे. खेड्यात कुणी काही मोडीत काढलं की ह्या गड्यानं उचललंच. पाहुणे त्या वस्तूंसोबत फोटो काढायचे आणि काकासाहेब फुलून जायचे.

"तुम्हाला कुणी बोलावलं?" जमादाराला बघून त्यांनी विचारलं.

"उडत उडत कानावर आलं. गेलं काय?"

"पाळणा. सागवानी, पितळी कड्यांचा. कन्नडच्या बाजारात मोडीत चालला होता, मी वाचवला. इथं व्हरांड्यात टांगून त्यात मनीप्लँटच्या कुंड्या ठेवल्या होत्या. पाहुण्यांची पोरं येता-जाता झोका द्यायची."

"कधी गेला?"

"काल. मी मळ्यात होतो. पाहुणे सकाळीच गेले होते. फाटकावर राखणीला केरबा. त्याच्या सुनेला नुकताच मुलगा झालाय. आता पाळणा कुणाला लागतो ते तुम्हीच सांगा. संध्याकाळपर्यंत त्यानं आणून दिला तर ठीक, नाहीतर चौकी. फाटकाजवळची खोलीही खाली करायची."

"घरात कोण होतं?"

"घरात कोण असणार? ही होती."

ही म्हणजे मनकर्णाबाई. स्वयंपाकघराच्या दारात पदर चिमटीत धरून उभ्या होत्या. एके काळी सारजाबाईबरोबर भजनाला यायच्या. तेव्हा चांगल्या खणखणीत गायच्या.

"केरबानं नाय नेला," त्या म्हणाल्या.

"तुला काय कळतंय त्यातलं?" काकासाहेब म्हणाले. रागानं नाही, सवयीनं. बाई आत गेल्या.

जमादार व्हरांड्यात हिंडला. पाळण्यातल्या कुंड्या भिंतीकडेला, सावलीत, ओळीनं मांडलेल्या होत्या. माती ओली होती. चोर कुंड्यांना पाणी घालून जातो, हे त्यानं सगळ्या नोकरीत पाहिलं नव्हतं. छताला दोन आकडे होते. स्टुलावर चढून त्यानं एकावर बोट फिरवलं आणि नाकाशी नेलं. करडईचं तेल.

"आकड्यांना तेल तुम्ही घातलं?"

"छे. करकर वाजला तरच तो जुना वाटतो. पाहुण्यांना तीच करकर आवडायची."

बाजूलाच स्वयंपाकघराची खिडकी होती. तिच्या गजाला जुन्या लुगड्याची चिंधी घट्ट बांधलेली होती. दुसरं टोक मोकळं लोंबत होतं.

स्टुलावरून उतरल्यावर जमादाराला दम लागला. भिंतीशी एक मोठा लाकडी पेटारा होता, वर फुलाफुलांची गादी. तो त्याच्यावर टेकला. गादीची मागची शिवण पुढं आली होती. पेटाऱ्याच्या कडीजवळचं पॉलिश ताजं खरवडलेलं दिसत होतं.

"यात काय आहे?"

"काही नाही. बसायला केलाय. त्याला कुणी उघडत नाही."

"बरं," जमादार म्हणाला आणि फाटकाकडं गेला.

केरबा खोलीच्या उंबऱ्यावर तंबाखू मळत बसला होता. आत लुगड्याची झोळी टांगलेली, नातू त्यात झोपलेला, सून दोरी ओढत होती. म्हाताऱ्याचं बोचकं मात्र बांधून तयार होतं.

"केरबा, पाळणा कुणी नेला?"

"म्या नाय नेला."

"ते विचारलंच नाही मी. कुणी नेला?"

केरबानं मान खाली घातली. "फाटकाबाहेर काय बी गेलं नाय, जमादार. भंगारवाला फकिरा आल्ता, त्याला बी बाहेरूनच लावून दिला."

"मग हे काकासाहेबांना सांग की."

"सांगितलं तर इचारतील, आत काय झालं म्हणून."

"लेकरू घेऊन कुठं जाशील?"

"जाऊ कुठं तरी. मेंढरामागं हिंडून वाढलो, रस्त्याचं भ्या नाय."

जमादार परत फिरला आणि व्हरांड्यात येऊन त्यानं दोघा नवरा-बायकोला समोर बोलावलं.

"काकासाहेब, तुमचा पाळणा बंगल्याबाहेर गेलाच नाही. नेणाऱ्याला तो नकोच होता."

"नको होता मग चोरला कशाला?"

"ऐका तर. आधी कुणीतरी आकड्यांना तेल घातलं. चोराला तेलाचं काय? हे केलं ज्याला ती करकर ऐकवत नव्हती त्यानं. तेलानं आवाज थांबला, पण पाळणा हलायचा थांबला नाही. मग त्याला लुगड्याच्या चिंधीनं गजाला बांधला. पाहुण्यांच्या पोरांनी ती सोडली. शेवटी घर रिकामं मिळालं, तेव्हा कुंड्या उतरवून, पाणी घालून, पाळणा खोलला. फळ्या सुट्या झाल्या की ठेवायला जागा लागते. ही करकर फाटकावर ऐकू जात नाही. ती ऐकू येते या खिडकीत."

काकासाहेबांनी खिडकीकडं पाहिलं. मग बायकोकडं.

"पण घर तर सगळं धुंडाळलं मी," ते म्हणाले.

"सगळं नाही. ह्या घरात जातं दळत नाही, कंदिलात तेल नाही. वस्तू कशासाठी होती तेच तुम्ही विसरलात. पेटाऱ्यात सामान ठेवतात, काकासाहेब."

त्यानं गादी बाजूला केली आणि झाकण उचललं. आत सागवानी फळ्या एकावर एक रचलेल्या होत्या. पितळी कड्या जुन्या शालीत गुंडाळल्या होत्या, लेकरू गुंडाळावं तशा.

"आणि मला फोन केला तोही तुम्हीच, वहिनी."

मनकर्णाबाईंनी मान हलवली. "केरबाला चोर म्हणले तवा सांगायला गेले मी. तोंडातून शब्दच फुटंना. म्हनलं, दुसऱ्या कुणी सांगावं." त्या फळ्यांकडं बघत होत्या. "रिकामा पाळणा हलवू नये. आमची गोदा सव्वा महिन्याची व्हऊन गेली. दुसऱ्या दिशी ह्यांनी पाळणा देऊन टाकला. बारसं झालं व्हतं तिचं, पण त्यानंतर ह्यांनी तिचं नाव एकदा बी घेतलं नाय. आन् आता दुसऱ्याचा पाळणा आणून माझ्या खिडकीसमोर टांगला. भाकरी थापताना बी तेच, निजायला गेलं तरी कानात तेच. किती दिवस ऐकू?"

काकासाहेब उभे होते ते खाली बसले. त्या बंगल्यात एवढं सामान होतं, पण त्यांना हात कुठं ठेवावा ते कळेना.

मग ते उठले. फळ्या स्वतः उचलल्या आणि फाटकाकडं गेले. केरबा धडपडत उभा राहिला.

"चुकलो, केरबा. हा तुझ्या नातवाला घे. ते बोचकं सोड."

केरबानं फळ्या घेऊन उंबऱ्याशी टेकवल्या.

"तुला माहीत होतं?"

"बाई चिंधी बांधताना पाहिल्या व्हत्या, सायेब."

"मग बोलला का नाहीस?"

"त्यांचं दुखणं चारचौघांत कसं मांडू? तुमालाच ठावं नव्हतं, तर पोलिसाला काय कळणार?"

काकासाहेब परत आले आणि बायकोशेजारी पायरीवर बसले. "गोदा असती तर..." ते म्हणाले. मनकर्णाबाईंनी डोळे पुसले नाहीत. कितीतरी वर्षांनी त्या नवऱ्याकडं सरळ बघत होत्या.

जमादारानं चप्पल घातली. फाटकापाशी पोचल्यावर तो थांबला.

"वहिनी, मधून मधून फोन करत जा. चोरी झाली नाही तरी चालेल."

"करीन," त्या म्हणाल्या.

घरी पोचला तेव्हा अंधारून आलं होतं. ताटातली भाकरी वाळली होती. त्यानं ती दुधात कुस्करली, टीव्ही लावला नाही, आणि फोन ताटाशेजारी ठेवून जेवायला बसला.